पेनड्राइव्ह आणि डोंगल
‘पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक) नेटला जोडलेलाच नाही, मग हॅकिंगची भीती कसली’ असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. इराणमध्ये नतान्झच्या अणुकेंद्रातले पीएलसीही जोडलेले नव्हते. 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरून पसरत होता. आमच्या अंबडच्या कारखान्यात स्काडाचा (यंत्रांवर लक्ष ठेवायच्या सॉफ्टवेअरचा) पीसी अजून विंडोज एक्सपीवरच आहे (सपोर्ट 2014 मध्येच संपला). मागच्या पावसाळ्यात सर्व्हिसवाल्याने त्याला इंटरनेटचं डोंगल लावलं आणि काढायला विसरला. दोन दिवस कुणाच्या लक्षातही नाही!

शिवाय पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) मारून सगळं भागत नाही. मॉडबस (पीएलसीशी बोलायचा प्रोटोकॉल) 1979 चा, त्यात पासवर्ड ही भानगडच नाही. नेटवर्कमध्ये शिरेल त्याचं पीएलसी निमूट ऐकतो. आम्ही शेवटी पीएलसीची किल्ली ‘रन’वर फिरवून काढून घेतली. मॉडबसचं दुखणं त्याने जात नाही, पण निदान प्रोग्रॅम तरी परस्पर कुणी बदलत नाही.