मदत हवी आहे: गीझर काढून सोलर घ्यावा की हीट पंप?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं एकमजली घर आहे. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर आता गळायला लागलाय, आणि पुन्हा तसाच घ्यायची इच्छा नाही. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जवळपास ३ युनिट वीज जाते. थंडीत रोज एवढं पाणी लागतंच, कारण बाबांना गुडघे शेकायलाही गरम पाणी हवं असतं.

गच्चीवर ऊन भरपूर, म्हणून सोलरचा विचार पक्का होत आला होता. पण आमचं पाणी बोअरचं, फार जड. बादलीवर पांढरा थर बसतो. सोलरच्या काचेच्या नळ्यांत क्षार साचून पाणी नीट तापत नाही असं ऐकलंय. मग तांब्याच्या नळ्यांचा सपाट पॅनेलवाला, हीट एक्स्चेंजर असलेला (म्हणजे बोअरचं पाणी पॅनेलच्या नळ्यांत न जाता वेगळ्या द्रवाच्या उष्णतेने तापतं) घ्यावा का? तो महाग पडतो. शिवाय आषाढ-श्रावणात इथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा विजेची बॅकअप कॉइल लावावीच लागेल.

दुसरा पर्याय हीट पंप. हवेतली उष्णता खेचून घेतो, त्यामुळे वीज साधारण एक तृतीयांश लागते. पण डिसेंबरातल्या पहाटे तो कितपत चालतो? आवाज किती येतो? दुरुस्तीला माणूस मिळतो का?

जड पाण्यावर यातलं काही चार-पाच वर्षं वापरलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतचा पाइप ३५ फूट आहे, त्याला कोणतं आवरण घालू तेही सांगा.