मदत हवी आहे: ४×५ कॅमेऱ्यासाठी वजनाला हलकी वाइड अँगल लेन्स कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षे मी ४×५ इंची शीट फिल्मवर कृष्णधवल छायाचित्रे काढतो आहे. कॅमेरा लाकडी, घडीचा आहे आणि आजवर त्यावर १५० मि.मी.ची एकच लेन्स वापरली आहे. या आकाराच्या निगेटिव्हचा कर्ण साधारण १५३ मि.मी. भरतो, म्हणजे १५० ही तिथली नॉर्मल लेन्स, आणि बहुतेक विषयांना ती पुरते. पण अलीकडे माझे काम डोंगरातल्या अरुंद घळी आणि जुन्या दगडी वास्तू यांच्याकडे वळले आहे. तिथे पाठीमागे सरकायला जागाच नसते, त्यामुळे ९० मि.मी.च्या आसपासची एक लेन्स घ्यायचे ठरवले आहे. पस्तीस मि.मी. कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी सांगायचे तर हा कोन तिथल्या साधारण २६-२७ मि.मी.च्या लेन्सइतका होतो.

अडचण वजनाची आहे. कॅमेरा, ट्रायपॉड, काळे कापड, सहा होल्डर (शीट फिल्म भरायच्या चपट्या पेट्या) आणि पाणी पाठीवर घेऊन मी तीन-चार तास चालतो, आणि पाठीचे एक जुने दुखणे असल्यामुळे त्या सॅकमध्ये आता फार भर घालता येणार नाही. म्हणून पहिल्यांदा नजर गेली ती श्नायडरच्या जुन्या ९० मि.मी. एफ/६.८ अँगुलॉनवर. शटरसकट ती दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते, मुठीत मावते, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांवर ती बोर्डावर (लेन्स बसवायच्या फळीवर) तशीच ठेवून कॅमेरा मिटताही येतो. एका स्नेह्यांनी त्यांची लेन्स पंधरा दिवसांसाठी वापरायला दिली, आणि माझा प्रश्न त्या पंधरा दिवसांतूनच निर्माण झाला आहे.

त्या लेन्सवर मी आठ शीट काढल्या. घळीतल्या सहा शीटमध्ये कॅमेरा सरळ आणि लेन्स मध्यावर होती. एफ/२२ला, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान करून, त्या उत्तम आल्या आहेत. खडकावरचे शेवाळ लूपखाली पाहिले तर त्याची पाने सुटी दिसतात. उरलेल्या दोन शीट एका उंच कमानीच्या. कमानीचा माथा चौकटीत यावा म्हणून मी पुढचा बोर्ड १५ मि.मी. वर उचलला, म्हणजे तेवढा राइज दिला. ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागच्या, प्रतिमा दिसणाऱ्या दुधी काचेवर), कापडाखाली, मला काहीच खटकले नाही. निगेटिव्ह धुऊन लाइट टेबलवर ठेवल्यावर मात्र आकाशाकडचे दोन्ही कोपरे जवळजवळ पारदर्शक निघाले, आणि माथ्याच्या दगडांचे सांधे मधल्या भागात कोरल्यासारखे असताना कडेला साखर विरघळावी तसे विरघळले होते.

कारण गणितात सापडले. अँगुलॉनचे इमेज सर्कल, म्हणजे लेन्स जेवढ्या वर्तुळात चांगली प्रतिमा पाडते त्याचा व्यास, एफ/१६ला सुमारे १५४ मि.मी. आहे आणि फिल्मचा कर्ण १५३. म्हणजे फिल्म त्या वर्तुळात जेमतेम बसते, हलायला जागा नाहीच. आडव्या शीटवर १५ मि.मी. राइज दिला की वरचे कोपरे केंद्रापासून सुमारे ८७ मि.मी. दूर जातात, आणि वर्तुळाची त्रिज्या आहे ७७. लेन्सने फसवले असे मी म्हणणार नाही. तिच्याकडून मी तिच्या आवाक्याबाहेरचे मागितले.

दुसऱ्या बाजूला आधुनिक बांधणीच्या एफ/८ लेन्स आहेत. सुपर-अँगुलॉन एफ/८ आणि फुजिनॉन एसडब्ल्यू एफ/८ यांचे वर्तुळ एफ/२२ला २१६ मि.मी. आहे, तर निक्कॉर-एसडब्ल्यू एफ/८चे २३५ मि.मी. निक्कॉरचे वजन ३६० ग्रॅम आहे आणि तिला ६७ मि.मी.चा फिल्टर लागतो. रोडेनस्टॉकची ग्रँडागॉन-एन एफ/६.८ थोडी उजळ, वर्तुळ २२१ मि.मी., पण वजन ४६० ग्रॅमपर्यंत जाते. एफ/५.६ आणि एफ/४.५च्या लेन्स मी विचारातच घेतलेल्या नाहीत. त्यांना ८२ मि.मी.चे फिल्टर लागतात आणि वजन अर्ध्या किलोच्या पुढे जाते. ग्राउंड ग्लास उजळ दिसतो हा त्यांचा गुण खरा, पण त्या उजेडासाठी एवढे वजन वाहणे मला झेपणार नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे की सुमारे २०० ग्रॅम जास्तीचे वजन आणि मोठे फिल्टर घेऊन एफ/८ची लेन्स घ्यावी, की अँगुलॉनच घेऊन वास्तूंची छायाचित्रे वेगळ्या रीतीने काढायला शिकावे? एफ/८ घ्यायची झाल्यास २१६ आणि २३५ यांतला फरक प्रत्यक्ष कामात जाणवतो का? आणि संध्याकाळच्या घळीत एफ/८च्या लेन्सवर फोकस करताना आपण काय करता, हेही जाणून घ्यायला आवडेल. ज्यांनी या लेन्स पाठीवर वाहिल्या आहेत त्यांच्या अनुभवाला मी सर्वाधिक महत्त्व देईन.

प्रतिसाद १

आपण प्रश्न इतका नीट मांडला आहे की उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. मी दोन्ही प्रकारच्या लेन्स वापरल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अँगुलॉन लहान का आणि सुपर-अँगुलॉन मोठी का, हे कळले की निवड सोपी होते. जुन्या अँगुलॉनमध्ये तीन-तीन चिकटवलेल्या भिंगांचे दोन गट आहेत, एक शटरच्या पुढे आणि एक मागे. बांधणी सुटसुटीत, म्हणून वजन कमी. सुपर-अँगुलॉनच्या घराण्यातल्या लेन्समध्ये दोन्ही टोकांना मोठी, बाहेरून फुगीर भिंगे असतात आणि तिरप्या किरणांसाठी लेन्सचे प्रवेशद्वार जणू त्यांच्याकडे वळते. त्यामुळे वर्तुळ तर वाढतेच, शिवाय कोपऱ्यात पोचणारा प्रकाशही वाढतो. साध्या बांधणीच्या ९० मि.मी. लेन्सवर, राइज न देताही, कोपरे मध्यापेक्षा सुमारे दीड स्टॉपने मागे राहतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). या बांधणीत तोच फरक एका स्टॉपच्या थोडा वर येतो. कृष्णधवल निगेटिव्हवर हे प्रिंट करताना सावरता येते. पारदर्शिका (स्लाइड) काढत असाल तर मधला प्रकाश कमी करणारा सेंटर फिल्टर लागेल, आणि त्याचे वजन वेगळे.

अँगुलॉनवर वास्तू काढण्याची एक रीत आहे: शीट उभी लावायची, कॅमेरा अगदी समपातळीत ठेवायचा, राइज द्यायचाच नाही, आणि प्रिंट करताना खालची जमीन कापून टाकायची. रेषा सरळ राहतात. पण उभ्या शीटची १२० मि.मी. उंची असते, त्यातून २५ मि.मी. कापले की हातात चौकोनी प्रतिमा उरते, आणि एवढा मोठा कॅमेरा वाहून नेऊन फिल्मचा पाचवा हिस्सा दर वेळी टाकून देणे मला तरी पटले नाही. मी वर्षभर तसे केले आणि मग एफ/८ची निक्कॉर घेतली.

अंधारातल्या फोकसबद्दल: एफ/६.८ आणि एफ/८ यांत फरक अर्ध्या स्टॉपचाच आहे, त्यामुळे अँगुलॉनवर आपले भागले असेल तर एफ/८वरही भागेल. खरा त्रास कोपऱ्यांचा असतो, कारण तिथले किरण काचेवर फार तिरपे येतात. डोके बाजूला नेऊन लेन्सच्या दिशेनेच तिरपे पाहिले की कोपरा उजळतो. घळीत मी लहान टॉर्च विषयावर ठेवतो आणि तिच्या ठिपक्यावर फोकस करतो. शिवाय ९० मि.मी. लेन्स एफ/२२ला सुमारे पावणेचार मीटरवर लावली की पावणेदोन-दोन मीटरपासून अनंतापर्यंत सगळे ग्राह्य राहते, त्यामुळे काळजी कमी होते.

कोपरे कापलेली ग्राउंड ग्लास असेल तर आणखी एक सवय लावून घ्यावी. राइज दिल्यावर कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहावे आणि छिद्र हळूहळू लहान करत जावे. छिद्र कुठेही न कापलेले, अखंड दिसू लागले की प्रकाश अडत नाही असे समजावे. बदामासारखे टोकदार दिसत राहिले तर राइज कमी करावा. प्रतिमा तिथे रेखीव आहे की नाही हे यातून कळत नाही, तरी काळे कोपरे नक्की टळतात.

प्रतिसाद २

लेन्सच्या वर्तुळाआधी कॅमेऱ्याचा बेलोज (लेन्स आणि फिल्म यांमधला घड्यांचा भाता) तपासा. घडीच्या कॅमेऱ्यांचा बेलोज लांब लेन्ससाठी केलेला असतो, ९० मि.मी.ला तो दाबला गेला की घड्या एकमेकींत अडकतात आणि बोर्ड वर जायलाच तयार होत नाही. लेन्स न लावता दोन्ही चौकटी (पुढची लेन्सची, मागची फिल्मची) साधारण ९५ मि.मी. अंतरावर आणा आणि पट्टीने मोजा की पुढची चौकट जोर न लावता किती वर जाते. तोच आपला खरा राइज. कॅमेऱ्याचा पुढचा तख्ता खालून चित्रात डोकावतो का, हेही शीट उभी लावून पाहा. डोकावत असेल तर मागची चौकट पुढे आणावी लागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री पट्टी घेऊन बसलो. माझ्या कॅमेऱ्याची चौकट २८ मि.मी.पर्यंत सहज जाते, त्यापुढे बेलोज ताणला जातो आणि बोर्ड पुढे झुकू लागतो. मग उलटे गणित केले: २८ मि.मी. राइजसाठी आडव्या शीटला सुमारे १९४ आणि उभ्या शीटला सुमारे २०० मि.मी.चे वर्तुळ लागते. म्हणजे २१६ची लेन्स मला पुरते, आणि २३५चा जास्तीचा वाव माझा कॅमेरा वापरूच शकणार नाही. हा विचार मला एकट्याला सुचला नसता.

जुन्या निगेटिव्हही काढून पाहिल्या. १५० मि.मी.वर काढलेल्या वास्तूंच्या जवळजवळ प्रत्येक शीटच्या नोंदीत मी राइज लिहिला आहे, बहुधा १० ते २० मि.मी. त्यामुळे अँगुलॉन स्नेह्यांना परत करतो आहे, आणि वजनाची भरपाई म्हणून सहाऐवजी पाच होल्डर नेणार आहे. माझा एक भरलेला होल्डर काट्यावर १७५ ग्रॅम भरला, म्हणजे हिशेब जवळपास जुळतो.

एफ/८च्या लेन्सपैकी जी चांगल्या स्थितीत मिळेल ती घेईन. एक सुपर-अँगुलॉन पाहण्यात आली आहे. मागचा गट माझ्या पुढच्या चौकटीतून अडकल्याशिवाय जातो हे बोर्ड काढून पाहिले. शटरचा एक सेकंद मात्र कानाला लांबल्यासारखा वाटला. परवा तो घड्याळ लावून दहा वेळा मोजणार आहे, आणि प्रत्येक वेळी सारखाच भरला तरच ती घेईन.