ठाण्याहून आजी आणि मुलांना घेऊन जाण्यासारखा धबधबा सुचवा

माजिवडा_आई
नमस्कार. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत आणि बरोबर सासूबाई. त्यांचा डावा गुडघा दुखतो. सपाट वाट असली तर थांबत थांबत तासभर चालतात, चढ मात्र नको. गाडी नाही, लोकल आणि एसटीनेच जाऊ. मुलांनी धबधबा फक्त मोबाइलवर पाहिलाय. मुलगी विचारते, "पाणी वरून पडतं तेव्हा लागतं का?" तिला एकदा ते अनुभवू द्यावं असं फार वाटतं. बाटल्या आणि आरडाओरडा जिथे असतो ती जागा नको. ऑगस्टमधला एखादा रविवार ठरवतोय. ऑफिसात सगळे खारघरचा पांडवकडा किंवा कर्जतजवळचा भिवपुरीचा धबधबा म्हणतात. जावं का?

खारघर_सेक्टर१२
ताई, पांडवकडा नको. साधारण १०७ मीटरचा कडा आहे आणि तिथे वनखात्याची बंदी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कॉलेजच्या चार मुली इथे वाहून गेल्या, तेव्हापासून आम्ही घरी पाहुण्यांनाही त्या बाजूला नेत नाही. लांबून बघायचा असेल तर बेलापूरहून मेट्रोने सेंट्रल पार्क स्टेशनला या आणि गोल्फ कोर्सच्या बाजूला चाला. पाऊस थोडा उघडला की डोंगरावरची पांढरी धार दिसते. भिजायला मिळणार नाही, पण आजींना काही त्रास नाही.

नेरळकर
भिवपुरीचं मी सांगतो, आमच्याच पट्ट्यातलं आहे. स्टेशनवरून चालत जाता येतं म्हणून रविवारी झुंबड उडते. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाईहुकूम निघतो. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, जुलै २०२४ पासून ते कलम १६३ झालं. तो लागू असताना गेलात तर पोलीस परत पाठवतील, मुलं हिरमुसतील.

आणि एक मनापासून सांगतो, भिवपुरी असो की दुसरं कुठलं गाव. जुलै-ऑगस्टात लावणी नुकतीच झालेली असते. शहरातली माणसं फोटोसाठी बांधावर चढतात, ओला बांध फुटतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. शेतकऱ्याला तो पुन्हा चिखलाने लिंपावा लागतो. वाट विचारून चाला, कुणी नाही म्हणणार नाही.

आजी असतील तर माथेरान बघा. नेरळहून टॅक्सी शेअर करून दस्तुरीपर्यंत, म्हणजे मोटारी थांबतात तिथवर. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंत तिची शटल चालते. मुलं त्यातच अर्धी खूश होतील. पुढे शार्लोट तलावापर्यंत लाल मातीची, झाडांखालची वाट आहे. मोटारी नाहीत, त्यामुळे लहानग्याचा हात सुटला तरी जीव वर-खाली होत नाही. तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खाली कोसळतं, ते कठड्यामागून बघायचं. खाली उतरायचं नाही.

ऐरोली_काकू
माजिवड्याच्या ताई, मी शाळेतून निवृत्त झाले. आता सोसायटीतल्या मुलांना पावसाळ्यात रानात नेते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लहान मुलांना मोठा धबधबा लागतच नाही. त्यांच्या कमरेएवढ्या उंचीवरून पडणारं पाणी त्यांच्यासाठी खूप असतं. हात खाली धरला की तळव्यावर टपटप लागतं, तेवढ्यात तुमच्या लेकीला उत्तर मिळेल. म्हणून मी कर्नाळ्याला नेते. ठाणे-पनवेल लोकल, मग पनवेल स्टँडवरून पेणकडे जाणारी एसटी, अभयारण्य हायवेलाच आहे. किल्ल्याच्या चढाला लागू नका. खालच्या पाऊलवाटांवर पावसाळ्यात जागोजागी झरे वाहतात. कुठे पाय बुडवले तर चालेल ते गेटवरच्या वनरक्षकाला विचारून घ्या. प्लास्टिकच्या वस्तू गेटवर मोजतात आणि त्यासाठी अनामत घेतात, तेव्हा डबा स्टीलचा न्या.

तिबोटी खंड्या जूनमध्ये याच रानात येतो. चिमणीएवढा, लाल चोच, पिवळं पोट. ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून अंडी घालतो, म्हणून मुलांना काठाच्या मातीत काठ्या खुपसू देऊ नका. दिसला तर लांबूनच बघा. मुलं त्या पक्ष्यासाठी जेवढी गप्प राहतात तेवढी वर्गात कधी राहिली नाहीत!

आता पाण्याचं. आपल्याकडचे डोंगर कातळाचे, माती पातळ. वर पाऊस पडला की पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभी होती, पाणी वाढलं आणि काठाला यायला वाटच उरली नाही. त्यांत लहान मुलं होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून माझा एकच हट्ट असतो: ज्या काठाला परतीची वाट, त्याच काठाला बसायचं. पलीकडची जागा कितीही छान दिसो, ओढा ओलांडायचा नाही. नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत यायला लागली किंवा आवाज जड झाला, की डबा अर्धा राहिला तरी उठायचं. एका मोठ्या माणसाने पाण्यात उतरायचंच नाही, वरच्या बाजूला नजर ठेवून उभं राहायचं. सासूबाईंना हे काम द्या, त्यांच्याइतकं लक्ष कुणाचंच राहणार नाही.

माजिवडा_आई
काकू, किती आपुलकीने लिहिलंत! कर्नाळाच ठरवतोय. माथेरान दिवाळीच्या सुट्टीत करू. दोन प्रश्न. आजींच्या पायात काय घालू? आणि शनिवारपासून धो धो लागला तर?

ऐरोली_काकू
मागे पट्टा असलेल्या, तळाला खोल नक्षीच्या रबरी सँडल. गुळगुळीत तळ झालेली जुनी चप्पल तेवढी नको, शेवाळ्यावर घसरते. हातात काठी द्या. हवामान खात्याने रायगडला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर सरळ पुढचा रविवार. नुसतं दोन दिवस सलग पडत असलं तरी मी बेत पुढे ढकलते, कारण जमीन आधीच भरलेली असते आणि ओढे लवकर चढतात.

नेरळकर
दिवाळीपर्यंत शार्लोटचा सांडवा ओसरतो, ताई. माथेरानला पाणी बघायचं असेल तर सप्टेंबरमध्येच या, आणि शनिवार-रविवार टाळून. तेव्हा दुपारनंतर विजा होतात, म्हणून सकाळी लवकर वर चढा आणि जेवून परत फिरा.

खारघर_सेक्टर१२
कर्नाळ्याहून परतताना एसटी हायवेवर हात दाखवून थांबवावी लागते आणि रविवारी संध्याकाळी गाड्या भरून येतात. तीनच्या आत निघा म्हणजे आजींना बसायला जागा मिळेल.