सारखी सर्दी-खोकला: रोजच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी खरंच थांबतो का?

संत्रानगरी_आई (त्रिमूर्तीनगर)
मुलगा 6 वर्षांचा. जुलैत शाळा सुरू झाल्यापासून ही पाचवी सर्दी. नाक तीन-चार दिवस वाहतं, खोकला मात्र पंधरा दिवस रेंगाळतो, रात्री जास्त. व्हिटॅमिन सी 500 ची चघळायची गोळी आणि झिंकचं सिरप आणून ठेवलंय. शेजारच्या काकू म्हणतात, डी3 चं पाकीटही द्या. तिन्ही रोज दिलं तर हिवाळा बरा जाईल का? मिस्टरांना (38) सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका येतात, त्यांनाही हेच द्यायचं का?

गोळी_आणि_गणित
ताई, आधी सी. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) 29 चाचण्या आणि अकरा हजारांवर माणसं होती. रोज 200 मिग्रॅ किंवा जास्त घेऊनही सर्वसाधारण माणसांत सर्दीची संख्या कमी झाली नाही. फक्त मुक्काम थोडा आटोपला: मोठ्यांत 8 टक्के, मुलांत 14 टक्के. म्हणजे सात दिवसांची सर्दी सहा दिवसांची, आणि त्यासाठी आजारी नसतानाही गोळी रोज चालू हवी. शिंका सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा भरवशाचा उपयोग दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कसरती करणारे सैनिक, यांच्यात मात्र सर्दी निम्म्यावर आली. व्हॅननं शाळेत जाणाऱ्या पोराला तो हिशोब लागू नाही.

झिंकच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा. बऱ्याच सिरपमध्ये 5 मिलीत 20 मिग्रॅ झिंक असतं. हा डोस जुलाबासाठी, तोही 14 दिवसांपुरता. 4 ते 8 वर्षांच्या मुलाची रोजची कमाल मर्यादा 12 मिग्रॅ आहे. महिनोन्‌महिने चमचाभर देत राहिलात तर तांब्याचं शोषण अडतं, मग रक्त कमी होतं आणि पांढऱ्या पेशीही घटतात. प्रतिकारशक्ती वाढवायला दिलेलं औषध तीच खाली आणतं! मल्टिव्हिटॅमिनचं सिरपही चालू असेल तर त्यातलं झिंक वेगळं मोजा.

डी3 च्या पाकिटात 60,000 युनिट असतात. ते कमतरता भरून काढायला, आठवड्यातून एक, साधारण 8 आठवडे, आणि मुलाचा डोस डॉक्टरांनी ठरवायचा. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: 'आठवड्याला एक' हे 'रोज एक' होऊन बसतं. मग रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान. सर्दीसाठीच्या चाचण्यांत जो थोडाफार फायदा दिसला तो रोजच्या लहान डोसनं, एकदम मोठ्या डोसनं नाही. नव्या चाचण्या मिळवल्यावर तोही जवळपास पुसला गेलाय.

कान_नाक_घसा
या वयाला वर्षात सहा-आठ सर्द्या नेहमीच्याच. व्हॅन आणि वर्ग, दोन्हीकडे गर्दी असते. मला खटकतो तो रात्रीचा खोकला. धावल्यावर, हसल्यावरही येतो का? छातीत शिट्टीसारखा आवाज? मग बालदम्याच्या दिशेनं तपासणी हवी. तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो? मग ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, बघायला हव्यात. दोन आठवड्यांवर खोकला आणि सोबत ताप, वजन घटणं किंवा भूक मरणं असेल तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत टीबीची तपासणी करून घ्या, मोफत होते.

मिस्टरांची सर्दी नाहीच, ॲलर्जीचं नाक वाटतं. नोव्हेंबरात दिवाणातून काढलेली ब्लँकेटं, गोधड्या तशाच अंगावर घेतल्या की धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) थेट नाकात. 60 अंशांच्या पाण्यात धुवा, मग वाळवा. नाकातला स्टेरॉइड स्प्रे डॉक्टरांनी दिला तर डोकं किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं आणि लोक दोन दिवसांत सोडून देतात. पूर्ण असर यायला आठ-पंधरा दिवस लागतात. नाक मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांवर नको, नंतर नाक आणखी चोंदतं.

संत्रानगरी_आई
धावल्यावर खोकतो, हो. आणि सासूबाई म्हणतात संत्रं बंद करा, कफ होतो. गोळी बंद केली तर सी मिळणार कुठून?

डब्यातला_आहार
सासूबाईंना सांगा, संत्र्यानं सर्दी होत नाही. घसा आधीच सोललेला असेल तर आंबटानं झोंबतं आणि खोकल्याची उबळ येते, एवढंच. आंबिया बहाराची संत्री आता बाजारात आलीच आहेत. 100 ग्रॅम गरात साधारण 40-50 मिग्रॅ सी. पेरूत त्याच्या चौपट. मोठ्या पुरुषाची रोजची गरज 80 मिग्रॅ, बाईची 65, मुलाची त्याहून कमी; पेरूच्या चार फोडींत भागतं. फ्रीजमधून काढून लगेच देऊ नका. रस काढून ठेवू नका, सी हवेनं आणि उष्णतेनं उडतं. लिंबूही वरण उतरवल्यावरच पिळा.

कान_नाक_घसा
धावल्यावर खोकतो म्हणता, तर या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना रात्रीच्या खोकल्याचा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या, बनियन वर करून, छाती दिसेल असा. तोवर घरात उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल बंद. दुकानातून कफ सिरप आणू नका. पाच वर्षांच्या आतल्यांना ती सहसा देतच नाहीत, आणि सहाव्या वर्षीही दम्याच्या खोकल्यावर त्यांचा उपयोग नाही.