गावाचा अभ्यास करताना आधी दप्तर पाहावे की आधी बांधावर जावे?

प्रश्न: नियोजन_विद्यार्थिनी, फोंडा

सर्वांना नमस्कार. मी मूळची फोंड्याची असून पुण्यात नगरनियोजनाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. या सत्रात आमच्या गटाकडे गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील एक खाजन गाव, म्हणजे बांध घालून भरतीचे खारे पाणी अडवलेल्या सखल शेतजमिनीचे गाव, अभ्यासासाठी आले आहे. आम्ही २०११ च्या जनगणनेची माहिती, उपग्रह प्रतिमा आणि प्रादेशिक आराखडा २०२१ चा गावनिहाय नकाशा मिळवला, जमीनवापराचा रंगीत नकाशा तयार केला आणि घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेतली. सादरीकरणानंतर मार्गदर्शक एवढेच म्हणाले, की गावाचे नाव पुसले तर हा अहवाल सासष्टी तालुक्यातल्या कोणत्याही गावाला चिकटवता येईल. आता गावात पुन्हा जायचे आहे. त्याआधी उरलेले दप्तर वाचून काढावे, की सरळ गावात जाऊन जे दिसेल त्यावरून पुढे कागद शोधावेत? आणि आमच्या प्रश्नावलीत कोणते प्रश्न राहून गेले असतील?

उत्तर: निवृत्त_नियोजक, पणजी

माझे मत दप्तराच्या बाजूचे आहे. सरकारी कागदावर आधीच लिहिलेली माहिती विचारण्यासाठी गावकऱ्याचा तासभर खर्ची घालणे मला पटत नाही. मात्र आपण पाहिलेले कागद अपुरे आहेत. जमीनवापराचा नकाशा जमिनीवर काय आहे तेवढे सांगतो; ती कोणाची, कसतो कोण आणि तिच्यावर घर कोणाचे, हे एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीत, शोधावे लागते. एखाद्या वाड्यालगतच्या सलग पट्ट्याचे उतारे घेऊन बसा. भोगवटादार म्हणून कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) किंवा भाटकार (जमीनमालक), कूळ म्हणून दुसरेच नाव आणि इतर हक्कांत मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) घर, असे थर एकाच सर्व्हे क्रमांकावर सापडू शकतात. आपल्या नकाशात त्या साऱ्यावर एकच पिवळा रंग असेल.

जनगणनेचे आकडे जपून वापरावेत. २०११ मध्ये गोव्याच्या १४,५८,५४५ लोकसंख्येपैकी ६२ टक्क्यांहून अधिक लोक शहरी गणले गेले. परंतु त्या ‘शहरां’पैकी पुष्कळांचा कारभार आजही पंचायतीच पाहतात. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० ची घनता आणि किमान ७५ टक्के मुख्य पुरुष कामगार शेतीबाहेर, एवढ्या निकषांवर जनगणना गावाला शहर ठरवते. आपले गाव कोणत्या यादीत आहे ते आधी पाहा, नाहीतर तुलनाच चुकीच्या गावांशी होईल.

आणखी एक. आधीचा प्रादेशिक आराखडा २०११ जनआंदोलनामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला होता. त्यामुळे २०२१ च्या आराखड्याचा मसुदा सूचनांसाठी पंचायतींकडे पाठवण्यात आला. आपल्या गावाने तेव्हा कोणत्या हरकती घेतल्या, हे पंचायतीत विचारा. गावाने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर असा क्वचितच हाती लागतो.

उत्तर: दिवाडीचा_शेतकरी

बाय, साहेबांनी सांगितलेले उतारे जरूर पाहा, पण खाजनाचे दुखणे उताऱ्यावर उमटत नाही. त्यासाठी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला उभी राहा. मानशीची लाकडी दारे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, शेतातले पाणी नदीत जाते आणि भरती चढू लागली की नदीच्या दाबाने ती आपोआप मिटतात. निदान मिटायला हवीत. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी (लिलाव) होते, आणि पावणी घेणाऱ्याला भरतीचे पाणी आत आलेले हवे असते, कारण त्याच्याबरोबर मासळी आणि सुंगटे (कोळंबी) येतात. शेतकऱ्याला तेच पाणी नको असते. खारेपणा हद्दीबाहेर गेला, की कोरगूटसारखे खारे सोसणारे भातही उभे राहत नाही. म्हणून भरतीच्या वेळी दार पुरते मिटले आहे की कोणी अडसर घालून फट ठेवली आहे, हे डोळ्यांनी पाहा. तुमच्या नकाशातला ‘पडीक’ पट्टा मालकाच्या आळसाने पडला, की त्या फटीने पाडला, हे तिथेच कळेल.

बांधाची निगा पूर्वी गावकारी, म्हणजे कोमुनिदादच, पाहत असे. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर शेते कुळांची झाली आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. त्या संघटनेची बैठक शेवटी केव्हा झाली, पावणीच्या पैशांतले किती बांधावर खर्च झाले, हे प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत नसावेत असा माझा अंदाज आहे. रोज ठरलेल्या वेळी मात्र जाऊ नकोस. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एकाच आठवड्यात सकाळी दहा वाजता दोन निराळी गावे दिसतील.

उत्तर: अध्यापिका, मडगाव

क्रमाबाबत माझे मत पहिल्या उत्तराहून वेगळे आहे. कागद आधी वाचले की नजर कागदातल्याच गोष्टी शोधत फिरते. स्कॉटिश नगरनियोजक पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. येथील शहरांत गल्लीबोळ पायी हिंडून, आधी निदान आणि मग उपचार, असा त्यांचा आग्रह असे. रुंद सरळ रस्त्यासाठी वस्ती पाडण्याऐवजी थोडक्या पाडापाडीत भागेल असे पर्याय त्यांनी सुचवले. तसे पर्याय कचेरीतल्या नकाशावर दिसत नसतात.

प्रश्नावलीत काय राहिले यापेक्षा कोण राहिले, हे मी आधी तपासेन. आपल्या गावांत कुलूपबंद घरे पुष्कळ असतात, भाड्याच्या खोल्यांतले कामगार दिवसा कामावर असतात आणि दुपारी दार उघडणारी व्यक्ती बहुधा वयस्कर असते. अशा उत्तरांची टक्केवारी काढली, की ती गावाची न राहता दुपारी घरी असलेल्यांची होते. बंद घरांचीही नकाशावर नोंद करा; ती उत्तरे नसली तरी माहिती आहे.

१९६० च्या सुमारास अमेरिकन नगरनियोजक केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांकडून आठवणीने नकाशे काढून घेतले होते. आपल्याकडे त्यातून त्यांनी मांडलेले मार्ग, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या जागा हे पाच घटक तेवढे उचलून पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीचे रंगीत तक्ते करण्याची रीत पडली आहे, आणि तेथील रहिवासी कॅमेरा व वही पाहूनच कंटाळले असतील. मूळ युक्ती मात्र साधी आहे. मासळी विकणारी बाई, शाळकरी मूल आणि बसचा कंडक्टर यांना कोरा कागद द्या. मुलाच्या नकाशात नदी आहे का, कंडक्टरच्या नकाशात खाजन आहे का, हे पाहा. नसेल तर का नाही, याचा शोध घेत पुन्हा दप्तराकडे या. निवृत्त_नियोजक यांचे उतारे तेव्हा निराळे बोलू लागतील.

नियोजन_विद्यार्थिनी, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या खेपेला आम्ही भरतीचे वेळापत्रक घेऊनच निघू. एक शंका उरते: पावणीविषयी कोणी मोकळेपणाने बोलले, तर ते अहवालात किती लिहावे?

दिवाडीचा_शेतकरी

नावे लिहू नकोस, मानशीचे दार कसे होते ते लिही. सांगणाऱ्याला त्याच गावात राहायचे आहे. अहवालाची एक प्रत पंचायतीला मराठीतून द्या आणि जमल्यास ग्रामसभेला या. सभा बहुधा रविवारी असते. तुमच्या नकाशात बांध चुकीच्या जागी दाखवला असेल, तर तिथे चार माणसे उठून सांगतील.