आरएक्स १०० चा ऑइल पंप काढावा की ठेवावा?

दादरकर
१९८५ ते १९९६ मधल्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकबद्दल विचारतोय. ९८ सीसी, ११ बीएचपी आणि वजन जेमतेम १०३ किलो, म्हणून सिग्नल सुटल्यावर ती अजूनही झेप घेते. पण मुंबईत इंजिन उघडलं की ऑटोल्यूब पंप (वेगळ्या टाकीतलं ऑइल इंजिनला देणारा) काढून त्या जागी प्लेट मारायची आणि 'पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टूटी (टू-स्ट्रोक ऑइल) टाका' म्हणायचं, ही रीत पडली आहे. मला ती साफ चुकीची वाटते. पंप इंजिनचे आरपीएम आणि थ्रॉटल दोन्हींनुसार ऑइल सोडतो. एस. व्ही. रोडवर आयडलला गाडीला थेंबभर पुरतं, तिथे मिक्स पेट्रोल (ऑइल मिसळलेलं) त्याच प्रमाणात ऑइल ओतत राहतं. ते प्लगवर, एक्झॉस्ट पोर्टवर आणि सायलेन्सरच्या बॅफलवर (आतल्या जाळीच्या नळीवर) बसतं. पिकअप मेला की लोक सिलिंडर बोअर करायला धावतात. आधी बॅफल काढून कार्बन जाळा, पोर्ट खरवडा.

परळ_टूस्ट्रोक
असहमत. तो पंप आज तीस-चाळीस वर्षांचा आहे. गिअर झिजतो, नळी कडक होऊन तडकते, आत हवा शिरते. टाकीत ऑइल काठोकाठ दिसतं आणि सिलिंडरला थेंब जात नाही. कळतं ते पिस्टन जाम झाल्यावरच. शिवाय पंपाचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने ऑइल सोडणारा) गळला तर उभ्या गाडीत ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं, सकाळी किकला गल्लीभर धूर. मिक्समध्ये पेट्रोल पोचलं म्हणजे ऑइल पोचलं. ४० मिली हे जुन्या साध्या ऑइलचं प्रमाण होतं. जासो एफडी (जपानी मानक, कमी धूर-कार्बनचं) दर्जाचं ऑइल घ्या, ३० मिली पुरे, प्लग काळा होत नाही.

दादरकर
मग खंडाळ्याचा उतार घ्या. थ्रॉटल बंद, गाडी गिअरवर, आरपीएम चढलेले. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जवळजवळ जातच नाही, म्हणजे मिक्सवाल्याला ऑइलही नाही. पंप मात्र आरपीएमवर फिरतो, तो देत राहतो. मिक्स असेल तर उतारावर क्लच दाबून मधूनमधून थ्रॉटल द्यावाच लागतो.
दुसरं, लिटरमध्ये ३० मिली ऑइल घातलं की तेवढं पेट्रोल कमी झालं, मिश्रण तीन टक्के लीन (हवेच्या मानाने इंधन कमी). त्यात इ-२० ला (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) त्याच हवेत सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. पंप काढून मेन जेट (कार्ब्युरेटरमधली इंधनाचं प्रमाण ठरवणारी भोकाची पितळी चकती) तोच ठेवला तर पिस्टन तापणारच.

मुलुंड_आरडी
इ-२० वर दादरकरांशी सहमत, मेन जेट एक-दोन नंबर वर न्या आणि फुल थ्रॉटलला प्लग बघा. पांढरट नको, फिका तपकिरी हवा. पण दोघांचंही एक राहिलं. अर्ध्या जाम गाड्या ऑइलमुळे नसतातच, क्रँकच्या सीलमुळे असतात. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की हवा शिरते, मिश्रण लीन होतं, आयडल आपोआप चढतं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि बाहेर गळती नसताना गिअर ऑइलची पातळी उतरते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मापाने सील मिळतात. दोन्ही एकदम बदला. आणि पावसाळ्यात मिक्स पेट्रोल टाकीत महिनाभर ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, ते तळाशी बसून थेट कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये येतं.

परळ_टूस्ट्रोक
सीलचं मान्य. उताराचंही मान्य, पण शहरातच फिरणाऱ्या गाडीला मी मिक्सच सांगेन.

दादरकर
पंप ठेवणाऱ्यांसाठी: नळी नवी आणि पारदर्शक टाका, आतला बुडबुडा दिसला पाहिजे. पंपावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) काढून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. हे करताना पेट्रोलच्या टाकीत लिटरला २५ मिली मिक्स ठेवा, म्हणजे इंजिन कोरडं चालणार नाही. पंपाची केबल ताणली असेल तर पंपावरची खूण जुळत नाही, ती जुळवा. मग ऑइलच्या टाकीवर रेघ मारा, पाच लिटर पेट्रोल जाळा आणि रेघेपर्यंत भरायला किती लागलं ते मोजा. १०० ते १५० मिली ठीक. त्याच्या बरंच खाली असेल तर गाडी थांबवून पंप उघडा.