भाचीच्या किडनीचं ऑपरेशन, केमोनंतर परत स्कॅन कशाला?

उजळाईवाडीचा मामा:
नमस्कार मंडळी. भाची साडेतीन वर्षांची हाय. ताई तिला आंघोळ घालत होती तर पोटात डाव्या बाजूला टणक लागलं, आम्हाला वाटलं शी साठली असेल, एरंडेल पण दिलं, मग सोनोग्राफीत कळलं किडनीत गाठ हाय, विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर. सीटी झाला, चार आठवडे केमो झाली. आता सर्जन म्हणतात परत स्कॅन, या वेळी एमआरआय, त्यावरनं कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करणार. ताई म्हणते आधीचा सीटी हाय की, पोरीला परत उपाशी ठेवून गुंगी कशाला द्यायची. दाजी तर बोलायचेच बंद झालेत. खरंच गरज असते का ओ?

पेठेतला टेक्निशियन:
असते मामा. जुना सीटी केमोच्या आधीच्या गाठीचा, आता ती बहुतेक आक्रसली असणार, मग शिरा पण जागेवरनं हलतात. एमआरआयत रेडिएशन नसतं, फक्त लेकरू लई वेळ हलता कामा नये म्हणून गुंगी. आणि एक काम आजच करा, जुन्या सीटीची सीडी शोधून ठेवा. फिल्मचा व्हॉट्सॲपवर काढलेला फोटो मॉडेलला चालत नाही, मूळ फाइलीच लागतात, पातळ पातळ कापांच्या.

लहान मुलांची सर्जरी शिकतोय:
युरोपातल्या पद्धतीत आधी केमो मग ऑपरेशन, अमेरिकेत बऱ्याचदा आधी ऑपरेशन. केमोनं गाठ लहान झाली की ती ऑपरेशनात फुटायची भीती कमी होते, फुटली तर आजार स्टेज ३ चा, म्हणजे जास्त पसरलेला धरतात आणि बहुतेक वेळा रेडिएशनचे उपचार द्यावे लागतात. मोठी गाठ शिरा ढकलून देते, त्यामुळे कुठली शीर किडनीची आणि कुठली आतड्याची हे आत गेल्यावर फसवं दिसू शकतं, ते आधीच फिरवून बघता आलं तर लई फरक पडतो. गाठीचं टोक किडनीच्या शिरेतनं मोठ्या शिरेत शिरलंय का तेही बघायचं असतं, त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त वाहताना दाखवणारी, ती पण करतील. फुप्फुसासाठी मात्र सीटीच. आणि मॉडेल कितीही चांगलं असलं तरी लिम्फ नोडमध्ये (शेजारच्या बारक्या लसिकाग्रंथींत) आजार हाय का ते त्यात ठरत नाही, ते नोड काढून तपासावेच लागतात.

इचलकरंजीची आई:
दादा, माझ्या मुलाच्या दोन्ही किडन्यांत गाठी होत्या. मुंबईला सर्जननी मॉडेल स्क्रीनवर फिरवून दाखवलं, गाठ पिवळी, धमन्या लाल, शिरा निळ्या, आणि उरलेली किडनी गाठीला वाटीच्या काठासारखी चिकटलेली. तो काठ वाचवायचा म्हणूनच एवढी तयारी. एका बाजूची अर्धी तरी किडनी राहिली, आज पोरगं शाळेत जातंय. तुमच्या भाचीची दुसरी किडनी पण नीट बघा म्हणून सांगा. आणि पाव्हणं येऊन पोट दाबून बघतात ते आधी बंद करा, हात लावू देऊ नका कुणाला. ताईला माझा नमस्कार सांगा, गुंगीतनं लेकरू उठतं तेव्हा रडतं खूप, तेव्हा ती शेजारी पाहिजे.

उजळाईवाडीचा मामा:
ताईला सगळं वाचून दाखवलं, तयार झाली. सीडी फिल्मच्या पिशवीत सापडली पण तडकलेली हाय, सेंटरवाले उद्या दुसरी कॉपी देतो म्हणाले. गुरुवारी सकाळी आठला एमआरआय. दूध कितीपर्यंत चालतं?

पेठेतला टेक्निशियन:
दूध सहा तास आधी बंद, म्हणजे रात्री दोनच्या आत. साधं पाणी कधीपर्यंत ते भूलतज्ज्ञांना विचारा. सर्दी खोकला असला तर बुधवारीच फोन करा.